ब्रेक पेडल खचणे

ब्रेक पेडल खचणे : द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या मोटारगाडीत पेडल पायाने दाबून स्थिर धरले असता ते आपल्या जागी न टिकता हळूहळू तळाकडे सरकत जाणे, या दोषाला ही संज्ञा लावतात. कार्यशाळांत ‘पेडल बसते’ असेही म्हणतात. पेडल पहिल्या दाबालाच खोल जाणे किंवा ते स्पंजासारखे मऊ लागणे हे निराळे दोष असून त्यांची कारणेही निराळी आहेत. खचण्याचे खरे लक्षण पेडल किती खोल जाते हे नसून पायाचा जोर तोच असताना ते थांबत नाही, हे होय. या दोषात पुष्कळदा द्रवाचा एक थेंबही बाहेर सांडत नाही, टाकीतील पातळी उतरत नाही आणि पेडल पुन्हा एकदोनदा दाबले की ते पूर्ववत वर येते. त्यामुळे चालकाला दोष गेला असे वाटते व गाडी तशीच चालविली जाते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही फसवणूक विशेष धोक्याची ठरते.

मोटारगाडीच्या ब्रेकसाठी द्रवाच्या दाबाचा उपयोग अमेरिकन संशोधक माल्कम लॉकहीड यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात विकसित केला. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले आणि १९२४ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते तुलनेने स्वस्त गाडीत आणले. प्रारंभी दट्ट्यावरील वाट्या कातड्याच्या असत व त्या गळत. क्रायस्लरने त्यांच्या जागी रबरी वाट्या वापरल्यावर ही पद्धती विश्वासार्ह झाली. प्रस्तुत दोषाचे मूळ आजही बहुधा याच वाटीत सापडते.

मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू झाली. पुढे १९६१ मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. महामंडळाच्या अलीकडच्या बसगाड्या व उसाची वाहतूक करणारे मोठे ट्रक यांचे ब्रेक दाबयुक्त हवेवर चालतात आणि त्यांत पेडल ही केवळ हवेची झडप उघडणारी कळ असते. त्यामुळे येथे वर्णिलेला दोष त्यांना लागू पडत नाही. तो लागू पडतो तो जीप, अ‍ॅम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांसारख्या हलक्या गाड्यांना. यांपैकी अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये व पद्मिनीचे त्याच्या बरेच आधी थांबले. नांदेड व लातूर जिल्ह्यांत खाजगी प्रवासी वाहतुकीचा मोठा भार ‘काळी-पिवळी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीपवर्गीय गाड्यांनी वाहिला. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर या मार्गावर अवघड घाट नाही. वाटेत बाजाराची गावे, थांबे, बैलगाड्या व ट्रॅक्टर मात्र फार. घाटात ब्रेक तापून निकामी होण्याचा प्रसंग येथे क्वचितच येतो. थांब्यावर गाडी हलक्या पायाने धरून उभी असता ती पुढे सरकू लागते व समोर माणसे असतात, अशा रीतीने हा दोष येथे प्रकट होतो.

रचना व कार्य : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, या पास्काल यांच्या नियमावर हे ब्रेक चालतात. पेडल ही तरफ आहे. तिच्या दुसऱ्या टोकाची दांडी मुख्य सिलिंडरातील, म्हणजे कारागिरांच्या भाषेत मास्टर सिलिंडरातील, दट्ट्याला ढकलते. दट्ट्यापुढील द्रव नळ्यांतून चाकांजवळील लहान सिलिंडरांत जातो व तेथील दट्टे ब्रेक शू फाकवून ते फिरत्या ड्रमवर दाबतात. दट्ट्याच्या तोंडाशी रबरी वाटी असते. तिची पातळ कड सिलिंडराच्या भिंतीला टेकलेली असते व पुढील दाबयुक्त द्रव मागे येऊ देत नाही. सिलिंडराच्या वरच्या बाजूस टाकीशी जोडणारी दोन छिद्रे असतात. लहान छिद्र विश्रांत स्थितीतील वाटीच्या अगदी पुढे व मोठे छिद्र तिच्या मागे असते. पेडल दाबताच वाटी लहान छिद्र ओलांडून ते बंद करते आणि त्यानंतरच दाब निर्माण होतो.

यांतील परिमाणांची कल्पना असल्यास निदान सोपे जाते. समजा, मास्टर सिलिंडराचा अंतर्व्यास २२ मिमी. व पेडलाच्या तरफेचे गुणोत्तर ५ : १ आहे. पायाचा जोर २० किग्रॅ. असेल, तर दट्ट्यावर १०० किग्रॅ. भार येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३·८ चौ. सेंमी. असल्याने द्रवात दर चौ. सेंमी.ला सु. २६ किग्रॅ. दाब निर्माण होतो. आता पेडल ५ सेंमी. खचले, तर दट्ट्या केवळ १ सेंमी. पुढे सरकतो, म्हणजे वाटीला चुकवून गेलेला द्रव ३·८ घ. सेंमी. इतकाच असतो. चहाचा लहान चमचाही त्याने भरत नाही. एवढ्या द्रवाने टाकीतील पातळीत डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही; शिवाय तो वाटीमागील मोठ्या छिद्रावाटे पुन्हा टाकीतच परततो. ‘तेल कमी होत नाही, म्हणजे ब्रेक ठीक आहे’ हा सर्वसामान्य समज त्यामुळेच चुकीचा आहे.

कारणे : द्रव बाहेर सांडत नसताना पेडल खचत असेल, तर मास्टर सिलिंडरातील वाटीला चुकवून तो मागे येत आहे असे जवळजवळ निश्चित मानता येते. जुन्या गाडीत वाटीची कड झिजते व कडक होते. परंतु पुष्कळदा दोष वाटीपेक्षा भिंतीचा असतो. नित्याचे ब्रेकद्रव ग्लायकॉल-ईथर वर्गातील असून ते हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट-३ या प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असावा लागतो, त्यात ३·७ टक्के पाणी मुरले असता तो १४०° से. पर्यंत उतरलेला चालतो, यावरून बाष्पाचा परिणाम लक्षात यावा. मराठवाड्याचा उन्हाळा तीव्र असतो, तथापि हानीचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत होतो. लग्नसराई व सुगीपुरती वापरून एरवी उभी ठेवलेली गाडी या दृष्टीने रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा अधिक संशयास्पद समजावी. तिच्यातील पाणी सिलिंडराच्या तळाशी साचते व बिडाच्या भिंतीला बारीक खड्डे पाडते. अशा खडबडीत भिंतीवर नवी वाटीही थोड्याच दिवसांत फाटते.

जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याच्या खालच्या अंगाला असतो. काळ्या मातीचा चिखल त्यावर सतत उडतो, मागील रबरी टोपण फाटले की चिखलपाणी दट्ट्यामागे शिरते. टाकीचे झाकण फरशीतील झरोक्यातून उघडावे लागते व भोवतालची माती न पुसता ते उघडल्यास ती सरळ द्रवात पडते. वाटीच्या कडेखाली अडकलेला एक कणही पेडल खचण्यास पुरेसा होतो.

या दोषाचे एक वैशिष्ट्य अनुभवी कारागिरांनाही चकवते. वाटीची कड द्रवाच्या दाबानेच भिंतीवर दाबली जाते. जोर अधिक, तितकी कड घट्ट बसते. जोर कमी, तितकी ती सैल राहते. म्हणून झिजलेली वाटी जोरात दाबलेल्या पेडलाला उत्तम साथ देते आणि हलक्या पायाखाली मात्र द्रव सोडते. कार्यशाळेत पेडलावर उभे राहिल्यासारखा जोर देऊन केलेली परीक्षा यामुळे निरुपयोगी ठरते. परीक्षा प्रथम हलक्या पायानेच केली पाहिजे.

दुसरा चकवा हवा काढण्याच्या क्रियेतून उद्‌भवतो. नित्याच्या वापरात दट्ट्या सिलिंडराच्या ठरावीक भागातच फिरतो व तेवढा भाग गुळगुळीत राहतो. पुढच्या न वापरलेल्या भागावर गंज व गाळ बसतो. हवा काढताना मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो, तेव्हा वाटी प्रथमच त्या गंजलेल्या भागावरून घासत जाते व तिची कड चिरते. ‘हवा काढली आणि दुसऱ्या दिवसापासून पेडल बसू लागले’ ही तक्रार अशा प्रकारे उद्‌भवते. जुन्या गाडीची हवा काढताना पेडलाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याचा प्रवास मर्यादित करावा, हा त्यावरील साधा उपाय आहे.

सदृश दोष : निदानातील बहुतेक चुका सदृश लक्षणांमुळे होतात. शू व ड्रम यांतील अंतर वाढले असल्यास पेडल खोल जाते, दोनतीनदा दाबल्यावर वर येते, पण वर आल्यावर स्थिर राहते. ब्रेक ‘टाइट’ केल्याने, म्हणजे शू जवळ आणल्याने, हा दोष जातो. नळ्यांत हवा असल्यास पेडल मऊ व लवचिक लागते, कारण हवा दाबली जाते. परंतु तेही स्थिर जोराखाली कोठेतरी थांबते. ड्रम ब्रेकच्या गाड्यांत मास्टर सिलिंडराच्या तोंडाशी थोडासा दाब राखून ठेवणारी झडप असते; ती बिघडली तर उभ्या गाडीत पहिला दाब खोल जातो. द्रव तापून त्याची वाफ झाली, तर पेडल एकदम जाते व गाडी निवल्यावर परत येते. निर्वात साहाय्यक बसविलेल्या गाडीत पेडल दाबून एंजिन सुरू केले असता ते किंचित खाली जाते. हा दोष नव्हे, तर साहाय्यक चालू असल्याचे चिन्ह होय. दुहेरी मास्टर सिलिंडराच्या गाडीत एक मंडल निकामी झाल्यास पेडल बरेच खोल जाते, पण दुसऱ्या मंडलावर येऊन ठाम उभे राहते. अमेरिकेत अशी दुहेरी रचना १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सर्व मोटारींना सक्तीची झाली. जुन्या एकेरी रचनेच्या जीपमध्ये हा दुसरा आधारच नसतो.

निदान : गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत. टाकीचे झाकण भोवतालची माती पुसून उघडावे व द्रवाची पातळी पाहावी. पातळी उतरली असल्यास बाहेरील गळतीचा शोध प्रथम घ्यावा. चाकामागील पत्र्याचा तळ, टायरची आतील बाजू, नळ्यांचे सांधे, लवचिक रबरी नळ्या आणि मास्टर सिलिंडराचे मागील टोक ही तपासण्याची ठिकाणे होत. मागील चाकाजवळचा ओलावा ब्रेकद्रवाचा की आसाच्या तेलाचा, हा प्रश्न नेहमी पडतो. त्याचा थेंब पाण्यात टाकून पाहावा. ग्लायकॉलयुक्त ब्रेकद्रव पाण्यात मिसळून जातो, तर आसाचे तेल वर तरंगते. निर्वात साहाय्यक असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडराच्या मागून गळणारा द्रव साहाय्यकाच्या पेटीत शिरतो व बाहेर काहीच दिसत नाही; अशा वेळी पातळी उतरते आणि कधीकधी धुराड्यातून पांढरा धूर येतो.

पातळी कायम असल्यास पुढील परीक्षा करावी. एंजिन बंद ठेवून पेडल गाडी थांब्यावर धरण्यापुरत्या हलक्या जोराने दाबावे व निदान अर्धा मिनिट तसेच धरावे. फरशीपासूनचे त्याचे अंतर प्रारंभी व शेवटी पट्टीने मोजावे, कारण मंद खचणे पायाला जाणवतेच असे नाही. नंतर हीच परीक्षा अधिक जोराने करावी. हलक्या जोराखाली खचणारे व भारी जोराखाली टिकणारे पेडल वाटीकडे बोट दाखविते. दोन्ही वेळा सारखेच खचत असेल, तर खोल ओरखडा किंवा बाहेरील गळती संभवते. दुसऱ्या व्यक्तीने टाकीत पाहत राहावे. पेडल दाबण्याच्या प्रारंभी लहान छिद्रातून उसळणारी धार स्वाभाविक आहे. मात्र पेडल स्थिर धरले असतानाही द्रवात हालचाल चालू राहिली, तर तो आतून परतत आहे असे समजावे. ही हालचाल दिसली नाही एवढ्यावरून सिलिंडर निर्दोष ठरत नाही.

शंका उरल्यास मास्टर सिलिंडर उर्वरित यंत्रणेपासून अलग करून पाहणे हीच निर्णायक परीक्षा होय. त्यापासून निघणाऱ्या नळ्या सोडवून त्या जागी योग्य आट्यांची भरीव बुचे घट्ट बसवितात व आतील हवा काढून टाकतात. आता पेडल दगडासारखे कठीण लागले व टिकले, तर मास्टर सिलिंडर निर्दोष असून दोष पुढे आहे. मग एकेक नळी जोडत गेल्यास दोषी चाक सापडते. बुचे असतानाही पेडल खचले, तर निवाडा झाला. रबरी नळ्या चिमट्याने आवळून हीच परीक्षा करण्याची पद्धत रूढ आहे, पण जुन्या नळ्या त्याने आतून चिरतात. त्या बदलावयाच्याच असतील तरच ती वापरावी.

दुरुस्ती : सिलिंडर खोलून भिंत कोरडी पुसावी व प्रकाशात पाहावी. नखाला लागेल असा ओरखडा किंवा खड्डा नसल्यास रबरी भागांचा संच बदलणे पुरते. हलके डाग घासून काढता येतात. परंतु घासण्याने व्यास वाढतो आणि वाढलेल्या व्यासात मूळ मापाची वाटी सैल बसते. म्हणून उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपलीकडे घासलेला सिलिंडर टाकून द्यावा किंवा त्यात पितळी अथवा गंजरोधक पोलादाची नळी बसवून तो मूळ मापावर आणावा. उत्पादन थांबलेल्या गाड्यांसाठी हा दुसरा मार्ग पुष्कळदा अपरिहार्य असतो.

रबरी भाग रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने धुणे ही सर्रास आढळणारी व अत्यंत घातक सवय आहे. खनिज तेलाच्या स्पर्शाने हे रबर फुगते. धुण्यासाठी स्वच्छ ब्रेकद्रव किंवा स्पिरिट वापरावे. टाकीत चुकून एंजिन तेल ओतले गेले असल्यास केवळ मास्टर सिलिंडराच्या नव्हे, तर चाकांकडील वाट्या व लवचिक नळ्याही बदलाव्या लागतात. यात काटकसर करता येत नाही. जोडणी झाल्यावर पेडलाला अल्प मोकळी हालचाल ठेवावी. ती नसल्यास विश्रांत स्थितीतही वाटी लहान छिद्र झाकून ठेवते, दाब उतरत नाही व ब्रेक आवळलेले राहून तापतात. शेवटी हलक्या व भारी अशा दोन्ही जोरांची परीक्षा पुन्हा करावी आणि मोकळ्या जागी मंद गतीने गाडी चालवून पाहिल्यावरच ती रस्त्यावर आणावी.

तपासणी व जबाबदारी : १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहतूक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते व खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकृत करावी लागते. ब्रेकसंबंधीच्या अटी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९६ व्या नियमात आहेत. नांदेड व लातूर येथील परिवहन कार्यालयांत या कामासाठी गाड्या आणल्या जातात. चालत्या गाडीला जोरात ब्रेक लावून ती किती अंतरात थांबते हे पाहणे आवश्यकच आहे, परंतु वर दिलेल्या कारणास्तव खचणारे पेडल त्या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकते.

अपघातानंतरच्या पाहणीत याला अधिक गंभीर अर्थ प्राप्त होतो. दरम्यानच्या काळात द्रव टाकीत परतलेला असतो, पेडल वर आलेले असते, पाहणी करणारा ते जोरात दाबतो व ते टिकते. बाहेर गळती नाही, पातळी पूर्ण आहे. अशा स्थितीत ‘ब्रेक कार्यक्षम’ असा निष्कर्ष निघाला, तर सगळा दोष चालकाच्या माथी येतो आणि सदोष गाडी मालकाकडे परत जाऊन पुन्हा रस्त्यावर धावू लागते. हलक्या जोराखालील अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेला उपकरण लागत नाही. तिची नोंद अशा प्रत्येक पाहणीत असावयास हवी.

धावत्या गाडीत पेडल खचू लागल्यास ते सोडून पुन्हा त्वरेने व जोराने दाबावे, कारण त्यामुळे वाटीपुढे नवा द्रव येतो व तिची कड भिंतीवर घट्ट बसते. त्याच वेळी क्रमाने खालचे गिअर टाकावेत. हातब्रेकची जोडणी तारेची किंवा सळईची व द्रवापासून स्वतंत्र असते, म्हणून तो अशा वेळी उपयोगी पडतो. मात्र तो एकदम न ओढता टप्प्याटप्प्याने ओढावा. जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून मागील आसाकडे जाणाऱ्या दंडावर असतो व त्याची पकड अचानक येते, हे तेथे ध्यानात ठेवावे लागते. गाडी थांबल्यावर पेडल पुन्हा ठीक लागले, तरी ती चालवीत कार्यशाळेपर्यंत नेऊ नये, ओढून न्यावी.